एका आवाजाची साक्ष: विल्यम जॉइस आणि इव्हा तोगुरी यांची अपिलं

देशद्रोहासाठी झालेल्या फाशीच्या शिक्षेविरुद्धचं विल्यम जॉइसचं अपील हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या इंग्लंडच्या सर्वोच्च कोर्टाने, 18 डिसेंबर 1945 ला फेटाळलं. त्या दिवशी फक्त निकाल सांगितला गेला, कारणं नंतर देऊ असं ठरलं. 3 जानेवारी 1946 ला वँड्सवर्थ तुरुंगात जॉइसला फाशी झाली आणि कारणं आली 1 फेब्रुवारीला. अपील ऐकणाऱ्या पाच लॉर्डांपैकी एकाचं, लॉर्ड पोर्टर यांचं, मत शिक्षेच्या विरोधात होतं. ते मत का पडलं हे छापून लोकांसमोर आलं तेव्हा फाशीला जवळजवळ महिना झाला होता.

जॉइसबद्दल मला कणव नाही. तो फॅसिस्ट होता, ज्यूंचा उघड द्वेष करत होता आणि युद्धाची सगळी वर्षं जर्मन रेडिओवरून हिटलरचा प्रचार इंग्रजीत वाचत होता. तरीही त्याचं अपील कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावं असं मला ठामपणे वाटतं. ज्याचा आवाज सगळ्या देशाने वर्षानुवर्षं ऐकला त्याच्याविरुद्धचा पुरावासुद्धा कोर्टाच्या कागदावर किती बारीक होऊन उतरतो, हे या खटल्याइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. टिळकांवरच्या खटल्यांमुळे आपल्याकडे राजद्रोहाचं कलम 124अ परिचयाचं आहे, पण तिथे प्रश्न शब्दांनी सरकारविषयी अप्रीती पसरवण्याचा होता. इथला गुन्हा युद्धकाळात राजाच्या शत्रूला साथ देण्याचा आहे. त्याचा कायदा 1351 चा, शिक्षा फाशीची, आणि तो सिद्ध करायला आरोपी राजाशी निष्ठेने बांधलेला होता हे आधी दाखवावं लागतं.

आरोपपत्रापासून सुरुवात करू, कारण देशद्रोहाच्या खटल्यात सगळं काही तारखांत असतं. जॉइसवर तीन आरोप होते. पहिला: ब्रिटिश प्रजाजन असताना 18 सप्टेंबर 1939 ते 29 मे 1945 या काळात शत्रूसाठी रेडिओवरून प्रचार केला. दुसरा: 26 सप्टेंबर 1940 ला जर्मन नागरिकत्व घेतलं. तिसऱ्यातली कृती पहिल्यासारखीच, पण काळ फक्त 18 सप्टेंबर 1939 ते 2 जुलै 1940. दोन्हींतली कृती एक असताना तिसरा आरोप वेगळा कशासाठी, हे कळलं की निम्मा खटला कळतो.

जॉइस ब्रिटिश नव्हता. त्याचा जन्म 24 एप्रिल 1906 चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. वडील आयर्लंडचे, पण 1894 मध्येच अमेरिकन नागरिक झालेले. कुटुंब 1909 मध्ये आयर्लंडला परतलं, पुढे इंग्लंडला आलं, आणि जॉइस ब्रिटिश म्हणूनच वाढला. बचाव पक्षाचे वकील जेराल्ड स्लेड यांनी वडिलांच्या नागरिकत्वाचे आणि जन्माचे पुरावे मांडल्यावर पहिला आणि दुसरा आरोप गळून पडला. परक्या नागरिकाने जर्मन होणं हा इंग्लंडच्या राजाविरुद्धचा द्रोह होऊच शकत नाही. न्यायमूर्ती टकर यांनी ज्युरीला या दोन आरोपांतून त्याला मोकळं करायला सांगितलं.

उरला तिसरा, आणि तो पासपोर्टवर उभा होता. 4 जुलै 1933 ला जॉइसने ब्रिटिश पासपोर्टसाठी अर्ज केला. अर्जात आपला जन्म आयर्लंडमधल्या गॉलवेचा असल्याचं खोटंच लिहिलं. दोनच दिवसांत पाच वर्षांचा पासपोर्ट मिळाला. पुढे 24 सप्टेंबर 1938 ला आणि मग 24 ऑगस्ट 1939 ला त्याने एकेक वर्षाची मुदतवाढ घेतली. दुसऱ्या मुदतवाढीनंतर लगेचच तो जर्मनीला गेला. आरोपातली 2 जुलै 1940 ही तारीख या शेवटच्या मुदतवाढीतून आली आहे. फिर्यादी पक्षाचं म्हणणं असं: पासपोर्ट हातात आहे तोवर राजाचं संरक्षण आहे, आणि संरक्षण आहे तोवर निष्ठा देणं लागतो. मग तो पासपोर्ट खोटं बोलून मिळवला असला तरी.

आता पुराव्याकडे बघा. तो पासपोर्ट कोर्टात कधी आलाच नाही. 28 मे 1945 ला फ्लेन्सबुर्गजवळ जॉइस पकडला गेला तेव्हा त्याच्याजवळ विल्हेल्म हान्सेन या नावाचा जर्मन पासपोर्ट होता. ब्रिटिश पासपोर्ट नव्हता. कोर्टापुढे होते ते अर्ज आणि मुदतवाढीच्या नोंदी. लॉर्ड चान्सेलर जॉविट यांनी निकालपत्रात मान्यच केलं आहे की दस्तऐवज सादर झालेला नाही, तो नेहमीच्या नमुन्यातला असावा असं धरून चालावं लागतं. ज्या कागदामुळे एका अमेरिकन माणसावर ब्रिटिश राजनिष्ठेचं ओझं आलं, तो कागद 1939 नंतर त्याच्याजवळ होता, त्याने तो जाळला, परत केला की बर्लिनमध्ये कुठल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवला, याचा एक शब्दही पुरावा नोंदीत नाही.

दुसरी कडी प्रसारणाची. जॉइसच्या अंगावर एक जर्मन कामगार-पुस्तिका सापडली होती, 4 ऑक्टोबर 1939 ला दिलेली. तिच्यात तो 18 सप्टेंबर 1939 पासून बर्लिनच्या रेडिओ कंपनीत इंग्रजी बातम्यांचा निवेदक असल्याची नोंद होती, आणि राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘ग्रेट ब्रिटन’ लिहिलेलं होतं. आरोपातली 18 सप्टेंबर ही तारीख इथूनच घेतली आहे. शिवाय ल्युनेबुर्गच्या लष्करी इस्पितळात 31 मे 1945 ला त्याने गुप्तचर अधिकारी स्कार्डन यांना लेखी निवेदन दिलं होतं. जर्मनीत का गेलो आणि रेडिओवर का बोललो, हे त्यात आहे. पण अमुक काळात अमुक शब्द बोललो, असं त्यात काही नाही.

नोकरीची नोंद म्हणजे उघड कृती, म्हणजे देशद्रोहाच्या खटल्यात सिद्ध करावी लागणारी प्रत्यक्ष कृती, नव्हे. कोणीतरी उभं राहून सांगायला हवं होतं की पासपोर्टच्या मुदतीत मी याचा आवाज ऐकला आणि तो असं असं बोलला. असा साक्षीदार फिर्यादी पक्षाने एकच आणला: स्पेशल ब्रँच या पोलिसांच्या राजकीय शाखेचे इन्स्पेक्टर अल्बर्ट हंट. जॉइसची राजकीय भाषणं ऐकून त्यांना त्याचा आवाज 1934 पासून माहीत होता. 3 सप्टेंबर ते 10 डिसेंबर 1939 ते इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या फोकस्टनला नेमणुकीवर होते. त्यांनी शपथेवर सांगितलं की सप्टेंबरमध्ये किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला रेडिओ लावताना त्यांना हा आवाज लागला आणि फोकस्टन आणि डोव्हर उद्ध्वस्त झाल्याचं तो सांगत होता. ते स्वतः फोकस्टनलाच असल्याने ही थाप आहे हे त्यांना तिथल्या तिथे कळलं.

या साक्षीत काय नाही ते मोजा. नेमकी तारीख नाही. कुठलं स्टेशन, कुठली लहर, माहीत नाही. त्या वेळी केलेली टिपणी नाही. आणि ‘सप्टेंबर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला’ या शब्दांत सप्टेंबरचे पहिले सतरा दिवसही मावतात, जे तिसऱ्या आरोपाच्या बाहेरचे आहेत. आवाज ओळखण्याचा प्रश्न तर याहून नाजूक होता. जॉइसला पुढे चिकटलेलं ‘लॉर्ड हॉ-हॉ’ हे टोपणनाव डेली एक्स्प्रेसच्या रेडिओ-स्तंभलेखकाने सप्टेंबर 1939 मध्ये पाडलं, आणि त्याने तेव्हा ऐकलेला आवाज जॉइसचा नसून दुसऱ्याच निवेदकाचा होता असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या आठवड्यांबद्दल हंट साक्ष देत होते, त्याच आठवड्यांत बर्लिनच्या इंग्रजी आवाजांची सरमिसळ होत होती. हंट यांना आवाज आधीपासून परिचित होता ही त्यांची मोठी जमेची बाजू, ती मी नाकारत नाही. पण सहा वर्षांनंतर दिलेल्या, टिपणीशिवायच्या, एकट्या साक्षीवर फाशीचा आरोप टेकवणं मला पटत नाही.

आणि 15 जून 1945 पर्यंत इंग्लंडच्या कायद्यालाही ते पटत नव्हतं. 1695 च्या कायद्याने देशद्रोहाला दोन साक्षीदार सक्तीचे केले होते: दोघेही एकाच उघड कृतीचे, किंवा त्याच द्रोहाच्या दोन वेगळ्या कृतींचा एकेक. 1945 च्या देशद्रोह कायद्याने ती अट काढली आणि अशा खटल्यांना खुनाच्या खटल्याची कार्यपद्धती लावली. राजाची संमती मिळाली 15 जूनला. जॉइसला विमानाने इंग्लंडला आणलं 16 जूनला. हा बदल कार्यपद्धतीचा होता, गुन्ह्याची व्याख्या बदलली नव्हती, म्हणून तांत्रिकदृष्ट्या तो जुन्या कृत्यांनाही लागू झाला. जुना नियम राहिला असता तर हंट यांच्या जोडीला दुसरा माणूस शोधावा लागला असता.

खटला 17 ते 19 सप्टेंबर 1945 असा तीन दिवस लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात चालला. ज्युरीने 23 मिनिटांत दोषी ठरवलं. आता अपील.

इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचं कोर्टच मुळी 1907 च्या कायद्याने आलं. कायद्याच्या मुद्द्यावर अपील हक्काने करता येई. वस्तुस्थितीच्या मुद्द्यावर परवानगी लागे. ज्युरीने ज्याच्यावर विश्वास ठेवला तो साक्षीदार खरा की खोटा, हे अपील कोर्ट नव्याने ठरवत नसे. ज्युरीला तसा निष्कर्ष काढता येईल इतकी सामग्री समोर होती का, एवढंच पाही. त्यामुळे हंट यांची साक्ष ज्या क्षणी ज्युरीने स्वीकारली, त्या क्षणी ती जवळजवळ अपिलाच्या आवाक्याबाहेर गेली. पुढचा सगळा वाद पासपोर्टवर झाला, कारण तिथे कायद्याचा मुद्दा होता. वकील जोरदार मुद्द्यावर बोलतात आणि कच्चा पुरावा मागे अंधारात राहतो, असं यात होतं. अपिलाचं निकालपत्र वाचताना ही गोष्ट सतत मनात ठेवावी लागते.

लॉर्ड चीफ जस्टिस कॅल्डेकोट यांच्या खंडपीठाने 7 नोव्हेंबरला अपील फेटाळलं. त्यापुढे हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जायचं तर अ‍ॅटर्नी जनरलचं प्रमाणपत्र हवं: मुद्दा कायद्याचा आहे, अपवादात्मक सार्वजनिक महत्त्वाचा आहे, असं. म्हणजे ज्याने खटला चालवला, त्याच्याच सहीने आरोपीचं शेवटचं दार उघडायचं. इथे ते सर हार्टली शॉक्रॉस यांनी दिलं. 1916 मध्ये आयरिश बंडखोर रॉजर केसमेंटच्या देशद्रोहाच्या खटल्याच्या वेळी एफ. ई. स्मिथ यांनी ते नाकारलं होतं. केसमेंटचं अपीलही याच धाटणीचं. त्याने जर्मनीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीत आयरिश सैनिकांना फितवण्याचा प्रयत्न केला हे सांगायला परतलेले कैदी हजर होते, म्हणून वस्तुस्थितीवर भांडायला जागाच नव्हती. वाद उरला तो 1351 च्या नॉर्मन फ्रेंच मजकुराचा: राज्याबाहेर राहून केलेली साथ त्यात बसते का, वाक्य कुठे तोडायचं. न्यायमूर्ती डार्लिंग आणि अ‍ॅटकिन यांनी अभिलेखागारात जाऊन मूळ गुंडाळ्या भिंगातून तपासल्या. अपील फेटाळलं गेलं आणि 3 ऑगस्ट 1916 ला पेंटनव्हिल तुरुंगात फाशी झाली.

जॉइसच्या अपिलात चार मुद्दे होते. परक्या माणसाने परदेशात केलेल्या कृत्यावर या कोर्टाला अधिकार नाही. पासपोर्टच्या मुदतवाढीने संरक्षण मिळत नाही, म्हणून निष्ठाही लागत नाही. त्याने त्या संरक्षणाचा उपयोग केला याचा पुरावा नाही. आणि असलाच तर तो प्रश्न ज्युरीचा होता, न्यायाधीशांनी तो ज्युरीकडे सोपवला नाही. पहिल्या मुद्द्यावर पाचही लॉर्ड जॉइसच्या विरुद्ध गेले. फूट पडली शेवटच्या मुद्द्यावर. टकर यांनी ज्युरीला सांगितलं होतं की 24 ऑगस्ट 1939 ला आरोपी निःसंशय निष्ठेने बांधलेला होता आणि त्यानंतर ती निष्ठा संपवणारं काही घडलेलं नाही. पोर्टर म्हणाले, घडलं की नाही हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. माणूस शत्रूच्या नोकरीत शिरल्यावर तो पासपोर्ट त्याने जवळ ठेवला होता का, राजाच्या संरक्षणावर त्याची भिस्त होती का, हे ठरवायचं काम ज्युरीचं. न्यायाधीशाने ते स्वतःच ठरवून टाकलं. मला हे मत निर्विवाद बरोबर वाटतं. सिद्ध करण्याची जबाबदारी फिर्यादी पक्षाची असते, आणि ‘पासपोर्ट परत केल्याचा पुरावा नाही’ असं म्हणणं म्हणजे ती जबाबदारी गुपचूप आरोपीच्या खांद्यावर सरकवणं.

अमेरिकेने दोन साक्षीदारांचा नियम संविधानातच घातला आहे, तिसऱ्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या कलमात: एकाच उघड कृतीला दोन साक्षीदार, नाहीतर उघड्या कोर्टात कबुली. इंग्लंडच्या जुन्या नियमापेक्षा तो कडक आहे. वेगवेगळ्या कृतींचा एकेक साक्षीदार तिथे चालत नाही. 1945 च्या क्रेमर खटल्यात तो नियम खराच चालला. जर्मन घातपाती वेर्नर थील आणि एडवर्ड केर्लिंग यांच्यासोबत क्रेमर न्यूयॉर्कच्या उपाहारगृहात बसलेला एफबीआयच्या एजंटांनी पाहिला होता, पण ते काय बोलले हे कोणी ऐकलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी शिक्षा रद्द केली: एकत्र बसून पिणं आणि बोलणं यातून शत्रूला मदत झाली असं त्या दोन साक्षींतून दिसत नाही. दोनच वर्षांनी हाउप्ट खटल्यात घातपाती मुलाला घरात आसरा देणाऱ्या बापाची शिक्षा 8 विरुद्ध 1 ने कायम झाली, कारण आसरा देणं ही कृतीच मदतीची.

नियम कडक असला की न्याय होतोच असं मात्र नाही, आणि त्यासाठी इव्हा तोगुरी दिआकिनोचा खटला बघायला हवा.

जॉइस जिथे होता त्याच्या बरोबर उलट टोकाला ती होती. 4 जुलै 1916 ला लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली अमेरिकन नागरिक. जुलै 1941 मध्ये आजारी मावशीला भेटायला जपानला गेली ती पासपोर्टविना, फक्त ओळखीच्या दाखल्यावर. युद्ध पेटलं आणि अडकली. नागरिकत्व सोडायला जपानी पोलिसांनी दबाव आणला तरी तिने सोडलं नाही. ते सोडलं असतं तर तिच्यावर देशद्रोहाचा खटला भरताच आला नसता, हे इथे लक्षात घ्या. रेडिओ टोकियोत ती टंकलेखनाचं काम करत होती. तिथून नोव्हेंबर 1943 मध्ये तिला ‘झिरो अवर’ कार्यक्रमात घेतलं गेलं. तो कार्यक्रम ऑस्ट्रेलियन युद्धकैदी मेजर चार्ल्स कझन्स आणि त्यांचे दोन साथीदार चालवत होते. कझन्स यांनी तिच्या बाजूने साक्ष दिली.

तिला ‘टोकियो रोझ’ म्हणून उभं केलं गेलं, पण त्या नावाची एकच कोणी बाई नव्हती. जपानच्या ताब्यातल्या रेडिओ केंद्रांवर इंग्रजी बोलणाऱ्या अनेक स्त्रिया होत्या आणि अमेरिकन सैनिकांनी सगळ्यांना मिळून ते नाव दिलं होतं. म्हणून हजारो सैनिकांची ‘मी तिला ऐकलं’ ही आठवण पुरावा म्हणून जवळजवळ कुचकामी होती. सरकारी वकिलांना स्टुडिओतले साक्षीदार हवे होते, मायक्रोफोनसमोर तिला पाहिलेले.

5 जुलै 1949 ला सॅन फ्रान्सिस्कोत खटला सुरू झाला. आठ उघड कृती आरोपपत्रात होत्या. 26 सप्टेंबरला ज्युरी विचाराला बसली, एकमत होत नाही म्हणून परत आली, न्यायाधीश मायकल रोश यांनी लांबलेल्या, महागड्या खटल्याची आठवण देऊन पुन्हा पाठवलं, आणि 29 सप्टेंबरला निकाल आला: सात कृती सिद्ध नाहीत, फक्त सहावी सिद्ध. ती सहावी कृती अशी: ऑक्टोबर 1944 मधल्या एका दिवशी, ज्याची नेमकी तारीख ग्रँड ज्युरीला (आरोपपत्र ठरवणाऱ्या ज्युरीला) माहीत नाही, तिने टोकियोच्या स्टुडिओत जहाजं बुडाल्याबद्दल मायक्रोफोनवर बोलणं केलं. बस, एवढंच. फिलिपिन्सजवळच्या लेयटे आखाताच्या लढाईनंतर ती अमेरिकन सैनिकांना उद्देशून म्हणाली की आता जहाजं बुडाली, घरी कसे जाणार, अशी साक्ष होती. शिक्षा दहा वर्षं आणि 10,000 डॉलर दंड.

त्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण नव्हतं. त्या कृतीला दोन साक्षीदार होते, जॉर्ज मित्सुशिओ आणि केनकिची ओकी. दोघेही अमेरिकेत जन्मलेले, दोघेही युद्धकाळात रेडिओ टोकियोत तिचे वरिष्ठ. तिच्यावर जे आरोप होते त्यांतलं बरंच काही त्यांच्याबद्दलही विचारता आलं असतं. आणि तयारी चालू असतानाच एक धोक्याची घंटा वाजून गेली होती: ग्रँड ज्युरीपुढे साक्ष दिलेल्या एका माणसाला एका अमेरिकन पत्रकाराने खोटं बोलायला तयार केल्याचं उघड झालं होतं. त्याला खटल्यात उभं केलं नाही, खटला मात्र तसाच पुढे गेला.

नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने 10 ऑक्टोबर 1951 ला शिक्षा कायम केली. बचाव पक्षाने वर्षभर विनाआरोप टोकियोच्या सुगामो तुरुंगात ठेवण्यापासून खटला कुठे चालवावा इथपर्यंत मुद्दे मांडले होते. सगळ्यांत जिवंत मुद्दा जबरदस्तीचा होता. रोश यांनी ज्युरीला सांगितलं होतं की तात्काळ मृत्यूची किंवा गंभीर इजेची भीती असेल तरच जबरदस्ती म्हणायची. छळछावणीत जावं लागेल किंवा रेशनकार्ड जाईल ही भीती पुरेशी नाही. 1944 च्या टोकियोत शत्रुराष्ट्राची नागरिक म्हणून राहणाऱ्या मुलीचं रेशनकार्ड जाणं म्हणजे काय, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. अपील कोर्टाने ती सूचना योग्य ठरवली. साक्षीदारांच्या विश्वासार्हतेबद्दल उत्तर तेच, लंडनमध्ये मिळालं तेच: तो ज्युरीचा प्रांत.

1976 मध्ये शिकागो ट्रिब्यूनच्या वार्ताहराने मित्सुशिओ आणि ओकी या दोघांना टोकियोत गाठलं. आपल्यावर दबाव होता, काय बोलायचं ते पढवलं गेलं होतं, तिने देशद्रोहाचं काही केलं नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. नव्या पुराव्यावर पुन्हा खटला मागण्याची मुदत तेव्हाच्या फेडरल नियमांत अंतिम निकालापासून दोन वर्षं होती. ती केव्हाच सरली होती. कोर्टाचा रस्ता बंद, राष्ट्राध्यक्षाची माफी हाच उपाय. जेराल्ड फोर्ड यांनी 19 जानेवारी 1977 ला, पद सोडण्याच्या आदल्या दिवशी, विनाशर्त माफी दिली आणि तिचं नागरिकत्व परत आलं. सहा वर्षांहून जास्त तुरुंगवास तिने तोवर भोगून झाला होता.

दोन साक्षीदारांचा नियम संख्या तपासतो. दोघांचा स्वार्थ एकच असेल, दोघांना एकाच खोलीत पढवलं असेल, तर दुसरा साक्षीदार पहिल्याची पडताळणी करत नाही, नुसती पुनरावृत्ती करतो. क्रेमरच्या वेळी नियम उपयोगी पडला, कारण ते एजंट जे दिसलं तेवढंच बोलले.

आपल्याकडे या दोन्ही खटल्यांतले प्रश्न वेगळ्या जागी पडतात. भारतीय दंड संहितेचं कलम 121, आता भारतीय न्याय संहितेचं 147, सुरू होतं ‘जो कोणी’ या शब्दांनी. निष्ठा, प्रजाजन, पासपोर्ट यांचा त्यात संबंध नाही. संसद हल्ल्याच्या खटल्यात 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की परकीय नागरिकही भारत सरकारविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या या कलमात येतो. मुंबई हल्ल्यात कसाबवर हेच कलम लागलं आणि तो पाकिस्तानी आहे हा बचाव होऊ शकला नाही. जॉइसला फाशीपर्यंत नेणारा अख्खा वाद इथे उद्भवतच नाही.

साक्षीदारांची किमान संख्याही आपल्या पुरावा कायद्यात नाही. एकट्या विश्वासार्ह साक्षीदारावर शिक्षा होऊ शकते. त्याची भरपाई अपिलात होते. सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयातलं पहिलं अपील कायद्यापुरतं मर्यादित नसतं, सगळा पुरावा नव्याने तोलला जातो. फाशी असेल तर उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती अमलात येऊच शकत नाही, आरोपीने अपील करो वा न करो. हंट यांच्या साक्षीतली तारखेची फट अशा अपिलात बाजूला सारता आली नसती.

कसाब खटल्याचा जो भाग मराठी वाचकांच्या नजरेतून सुटतो तो याच संदर्भात महत्त्वाचा आहे. कसाबविरुद्ध छायाचित्रं, सीसीटीव्ही, जखमी साक्षीदार असा ढीगभर पुरावा होता. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपींवर कटात सामील असल्याचा आरोप होता, आणि त्यांना जोडणारा मुख्य दुवा होता गिरगावला मारल्या गेलेल्या अबू इस्माईलच्या खिशात सापडल्याचं सांगितलेला हाताने काढलेला नकाशा. कपडे रक्ताने भिजलेले, पण नकाशावर रक्ताचा डाग नाही, कागद चुरगळलेलाही नाही. विशेष न्यायाधीश तहलियानी यांनी 3 मे 2010 ला दोघांना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाने 21 फेब्रुवारी 2011 ला आणि सर्वोच्च न्यायालयाने 29 ऑगस्ट 2012 ला ती निर्दोष मुक्तता कायम ठेवली. देश संतापलेला असताना तीन कोर्टांनी एक कागद उजेडात धरून पाहिला, याचा मला अभिमान वाटतो.

आवाजाच्या पुराव्याचं म्हणाल तर आपला पायाभूत निकाल मुंबईचाच आहे: आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, 1972. मलकानी मुंबईचे कोरोनर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी) होते आणि लाचेच्या प्रकरणात टेलिफोनवरचं संभाषण टेप केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तीन अटी घातल्या: संभाषण वादाशी संबंधित हवं, आवाज कुणाचा ते ओळखलं गेलं पाहिजे, आणि टेपमध्ये खाडाखोड झालेली नाही हे सिद्ध व्हायला हवं. 2019 च्या रितेश सिन्हा निकालानंतर दंडाधिकारी आरोपीला आवाजाचा नमुना द्यायला सांगू शकतो, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 349 मध्ये ते आता लिहूनच ठेवलं आहे. इलेक्ट्रॉनिक ध्वनिमुद्रण सादर करायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं: एक भाग सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा डिजिटल ठसा.

प्रत्यक्षात आवाजाचा पुरावा अनेकदा तिसऱ्या अटीवर कोसळतो. मूळ फोन किंवा रेकॉर्डर सील न करता पोलीस ठाण्यात पडून राहतो, मधल्या काळात कोणीतरी फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घेतो, आणि हॅश मूल्य काढलं जातं ते त्या प्रतीचं. जप्तीच्या पंचनाम्यात उपकरणाचा अनुक्रमांक नसतो, किंवा नमुन्याच्या वेळी आरोपीकडून तेच शब्द वाचून घेतलेले नसतात, त्यामुळे प्रयोगशाळेला तुलना करायला पुरेसे समान उच्चार मिळत नाहीत. बचाव पक्षाच्या वकिलाने निकालपत्राच्या आधी पंचनामा, मुद्देमाल पावती आणि प्रयोगशाळेला पाठवलेलं पत्र या तीन कागदांवरच्या तारखा आणि सीलचे वर्णन शेजारी ठेवून वाचावं. तिन्ही जुळत नसतील, तर आवाज कितीही ओळखीचा वाटला तरी अपिलाचा पहिला मुद्दा तिथेच तयार असतो.